नियम भाडेकरूला, मत मालकाला: सोसायटी म्हणजे सरकार की खासगी संस्था?

टँकरग्रस्त_ताई
मंडळी, आमच्या वार्षिक सभेत वाजलंय, म्हणून हा धागा.

वाघोली 2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासक. एवढ्या काळात आम्ही निवडून दिलेलं, हाक मारली की खाली येणारं सरकार एकच: सोसायटीची कमिटी. पाणी तीच आणते, आतले दिवे, ओला कचरा, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र) सगळं तिच्याकडेच. 10,000 लिटरचा टँकर आला की चलनावर सही करण्याआधी वॉचमन शिडीने वर चढून झाकण उघडतो, काठोकाठ आहे का बघायला. मध्ये एक पाऊणच भरलेला येऊन गेला होता. मिळकतकर वेगळा, तो भरतोच.

तर सभेत ठराव आला: बॅचलर भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणा नको. पास झाला. सगळ्यात तावातावाने बोललेले गृहस्थ स्वतः बाणेरला राहतात, इथला फ्लॅट भाड्याने दिलाय! ज्यांच्यावर नियम लादला त्यांच्यापैकी सभेत एकही नव्हता. हे लोकशाहीत बसतं का?

माजी_सेक्रेटरी_कोथरूड
ताई, लोकशाहीत नसेल बसत, सहकारात बसतं. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात एक सभासद, एक मत. घर वन बीएचके असो की पेंटहाउस. (तुमची नोंदणी सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून असेल तर 1970 चा कायदा, तिथे हिश्श्याप्रमाणे मताचं वजन.) भाडेकरूला मत नाही, विषय संपला.

पण 'सोसायटी म्हणजे सरकार नव्हे' असं म्हणताना मीही अडखळतो. मेंटेनन्स थकवला तर सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. ही ताकद भिशी मंडळाला नसते. कमिटीतल्या राखीव जागाही ग्रामपंचायतीची आठवण करून देतात.

तुमचा ठराव उपविधीच्या कोणत्या कलमात बसतो, ते लेखी विचारा. तोंडी विचारू नका, चहा पाजून परत पाठवतात. घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येतं, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. भाडेकरूच्या पाहुण्यांची हजेरी घ्या असं त्यात कुठे लिहिलंय?

एडिसनचा_नाना
इकडे न्यू जर्सीत हा वाद कोर्टात जाऊन आलाय. ईस्ट विंडसरला ट्विन रिव्हर्स म्हणून वसाहत आहे, साधारण 10,000 वस्ती. काही रहिवाशांचं म्हणणं, असोसिएशन गावाचा कारभार बघते, तर अंगणात निवडणुकीच्या पाट्या लावण्यावर तिची बंधनं कशाला? 2007 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने असोसिएशनच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे काम सरकारचं, पण सरकारची बंधनं नाहीत.

पैशांचा कायदा मात्र बरा आहे. अशा खासगी वसाहतीतल्या रस्त्यांवरचा बर्फ, दिवे आणि कचरा टाउनशिपने बघायचा, नाहीतर असोसिएशनला पैसे परत द्यायचे. पुण्यात टँकरचं बिल मिळकतकरातून वळतं करून मागा बघू!

तिसरा_मजला_भाड्याने
मी असाच एक बॅचलर, सोसायटी दुसरी. आमच्याकडचा नियम मला कळला तो भावाला गेटवर अडवलं तेव्हा. पंढरपूरची एसटी लेट, पोचायला साडेदहा वाजले. वॉचमनकाका बिचारे म्हणाले, "वरून ऑर्डर आहे." वर म्हणजे दुसरा मजला, चेअरमन. शेवटी मालकांना झोपेतून उठवून फोनवर बोलायला लावलं.

मतदारयादीत माझं नाव इथलंच आहे. नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला मत देऊ शकतो. आमच्या जिन्यातला बल्ब कोण बदलणार यावर मात्र नाही. मताचं राहू द्या हो, निदान नोटीस तरी आमच्या दाराला चिकटवा.

टँकरग्रस्त_ताई
नाना, इथे सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यांवर करात 5 ते 10 टक्के सूट आहे. टँकरवर शून्य.

कोथरूडचे काका, कमिटीला पत्र दिलं, पोच घेतली. शिवाय पुढच्या सभेसाठी विषय दिलाय: भाडेकरूंना अजेंडा पाठवायचा, सभेत बसू आणि बोलू द्यायचं, मतदान सभासदांचंच. सेक्रेटरी "बघू" म्हणालेत. बाणेरवाल्यांचा फोन मात्र लगेच आला, "ताई, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"