बर्फात विमान रनवेवरून घसरतं म्हणजे नक्की काय होतं?

सांगलीची_लेक
आई-बाबा जानेवारीत पहिल्यांदाच माझ्याकडे अमेरिकेत मॅडिसनला येतायत. मुंबईहून शिकागोपर्यंत मोठं विमान, पुढे छोटं जेट. तिकिटं काढून झाली आणि नेमका कुणीतरी आईला टोरंटोचा २०२५ चा तो व्हिडिओ पाठवला. विमान बर्फात उलटं पडलंय आणि माणसं त्यातून बाहेर येतायत. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "एवढ्या बर्फात उतरवतातच कशाला?" मी "काही होत नाही गं" म्हणते, पण मलाच नीट माहीत नाही, मग तिला काय पटणार! विमानतळावर काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे आकडे दिलेत तरी चालतील.

कल्याणकर
ताई, तारीख बदलता आली तर मे महिना बघा. माझ्या सासूबाईंचं पुढचं विमान बर्फामुळे रद्द झालं आणि रात्रभर खुर्चीत बसून काढावी लागली. फार हाल झाले त्यांचे.

पन्हाळकर
मी मिनेसोटातल्या एका विमानतळावर एअरफील्ड ऑपरेशन्सला आहे. हिवाळ्यात रनवे साफ करून घ्यायचा आणि तो कसा आहे ते कळवायचं, हेच काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टोरंटो. ते विमान घसरलं नव्हतं. प्राथमिक अहवालानुसार ते फार वेगाने खाली येत रनवेवर आदळलं, उजवीकडचं लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) मोडलं, पंख तुटला आणि मग ते उलटलं. आत ८० माणसं होती, सगळी वाचली. उलटी लटकली, पण पट्ट्यांनी धरून ठेवलं. आईंना हे आवर्जून सांगा.

घसरणं समजून घ्यायचं तर शिकागोतलंच मिडवे विमानतळ घ्या, ८ डिसेंबर २००५. (तुमचे आई-बाबा बहुतेक ओहेअरला उतरतील, हे शहरातलं दुसरं.) मिडवेच्या चारी बाजूंनी घरं आणि रस्ते अगदी कुंपणाला भिडलेत. संध्याकाळी बर्फ पडत असताना बाल्टिमोरहून साउथवेस्ट कंपनीचं बोईंग ७३७ आलं, आत १०३ जण. उतरायला ५,८२६ फूट रनवे, आणि वारा पाठीमागून, ८ नॉट (ताशी साधारण १५ किलोमीटर), म्हणजे थांबायला जास्त लांबी लागणार. समोरचा वारा घ्यायला उलट्या दिशेने उतरायला हवं होतं, पण तिकडून यायला जेवढं दिसावं लागतं तेवढं त्या वेळी दिसत नव्हतं. आधी उतरलेल्यांपैकी कुणी म्हणालं ब्रेक बरे लागतायत, कुणी म्हणालं वाईट. कॉकपिटमधल्या संगणकाने हिशोब दिला: 'बरे' धरले तर विमान थांबून पुढे ५६० फूट उरतील, 'वाईट' धरले तर ४० फूट.

चाळीस! विमानच शंभर फुटांहून लांब असतं. आणि तो आकडासुद्धा खरा नव्हता, कारण 'वाईट'च्या हिशोबात संगणक पाठचा वारा ५ नॉटच धरत होता. शिवाय उतरल्या उतरल्या इंजिनांचे रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारे) उघडतील हेही त्यात गृहीत होतं. प्रत्यक्षात ते पूर्ण उघडायला चाकं टेकल्यापासून १८ सेकंद गेले. वैमानिक ऑटोब्रेक (आपोआप लागणारे ब्रेक) पहिल्यांदाच वापरत होते, लक्ष तिकडे गेलं. सुरुवातीच्या वेगात विमान सेकंदाला दोनशे फुटांवर अंतर कापतं, बाकीचं गणित आई करतील. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि मोटारीत बसलेला सहा वर्षांचा मुलगा दगावला. चौकशीचा निष्कर्ष असा की रिव्हर्सर वेळेत पूर्ण वापरले असते तर ते रनवेवरच थांबलं असतं.

मला त्या ४० फुटांचा अजून संताप येतो. एवढ्या शिलकीवर उतरूच नये. त्यानंतर अमेरिकेत सांगितलं गेलं की उतरण्याआधी त्या वेळच्या परिस्थितीचा हिशोब करा आणि वर किमान १५ टक्के जादा लांबी धरा. मिडवेला रनवेच्या टोकांना हलक्या, चुरा होणाऱ्या काँक्रीटचे ठोकळे बसवले. चाकं त्यात रुततात आणि विमान अडतं.

२०१६ पासून आम्ही 'बरं-वाईट' यावर थांबत नाही. रनवेचे तीन भाग करून प्रत्येकाला ६ ते ० असा कोड देतो. कोरडा म्हणजे ६. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त भुसभुशीत बर्फ साचला की ३. नुसता गोठलेला थर १, आणि त्या थरावर पाणी आलं की ०, म्हणजे रनवे बंद. म्हणून कडाक्याच्या थंडीची आम्हाला फार धास्ती नसते. उणे पंधराच्या खाली दाबलेला बर्फ ४ असतो, त्याहून गरम झाला की ३. खरी काळजी पारा शून्याच्या आसपास घुटमळतो तेव्हा.

बर्फ पडत असला की साफ करण्यापुरता आम्ही रनवे बंद करतो. बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊच्या गाड्या एकीमागे एक तिरक्या रांगेत निघतात, मागून लोखंडी तारांचे फिरते ब्रूम. मीठ टाकत नाही, त्याने विमानाचा धातू खातो. पोटॅशियम ॲसिटेट फवारतो. मग मी गाडी घेऊन पूर्ण लांबी जातो, मध्येच जोरात ब्रेक मारून बघतो, आणि ५-५-३ असं काही असेल ते कळवतो. शेवटचा ३ ऐकून कुणी दुसरीकडे गेलं तर मला बरं वाटतं. विमान आकाशात घिरट्या घालत असेल किंवा भलत्याच गावी उतरलं, तर आईंना सांगा की तो माणूस नीट काम करतोय.

मुलुंडचा_पाऊस
२०१९ च्या १ जुलैच्या रात्री मुंबईत जयपूरहून आलेलं विमान पावसात रनवेच्या पुढे गेलं होतं, मुख्य रनवे काही दिवस बंद होता. तिथे तर बर्फ नव्हता. मग पाणीही तेवढंच वाईट?

पन्हाळकर
साचलेलं असेल तर जास्त वाईट. तीन मिलिमीटरच्या वर पाणी साचलं की कोड २, तेवढाच बर्फ असला तर ३. पाण्याच्या थरावर टायर तरंगतं आणि ब्रेकला धरायला काही उरत नाही. भारतातही नोव्हेंबर २०२१ पासून हीच कोडपद्धत आहे. आपली माणसं जुलैत मुंबईला बिनधास्त उतरतात आणि शिकागोच्या बर्फाला घाबरतात, हे मला नेहमी खटकतं.

सांगलीची_लेक
दादा, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने वहीत १८ गुणिले २०० करून बघितलं आणि बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आपण बसल्या जागी काय करायचं?" काय सांगू? बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

पन्हाळकर
उतरायच्या आधी दोघांनी बूट आणि स्वेटर घालून बसायचं. प्रवासात आपल्याकडच्या काकू चपला काढून पाय वर घेतात, ते उतरताना नको. दारातल्या आणीबाणीच्या घसरगुंडीवरून खाली यायची वेळ आलीच तर खाली बर्फ असेल. पासपोर्ट आणि बाबांच्या गोळ्या अंगावरच्या छोट्या पिशवीत, वरची बॅग अजिबात काढायची नाही. पट्टा कमरेवर, खाली, घट्ट, आणि विमान गेटला लागेपर्यंत सोडायचा नाही. बाबांसाठी व्हीलचेअर आत्ताच नोंदवा. शिकागोला दोन विमानांमध्ये निदान चार तास राहतील असं बघा, इमिग्रेशनच्या रांगेतच बराच वेळ जातो. मॅडिसनचं विमान रद्द झालं तर रस्त्याने बसने येता येतं, पण बर्फ थांबल्यावरच.