खडीच्या ढिगाचे ब्रास कमी येतात: कॅमेरा बदलू की जीसीपी टाकू?

क्रशर_७३
ड्रोन फँटम ४ प्रो, उंची १०० मीटर, ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंनी एकमेकांना झाकायचे टक्के) ७५/६५, कॅमेरा सरळ खाली, जीसीपी (जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा) नाहीत. प्रोसेसिंग वेबओडीएमवर (फोटोंवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर). डंपरच्या हिशोबाने ढीग २१० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर), मॉडेल २०१ दाखवतं. शेजारची भिंत टेपने २० मीटर, मॉडेलमध्ये १९.७२. ऑर्थोफोटोही (फोटो जोडून बनलेलं नकाशासारखं चित्र) पुसट. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर फरक जाईल का?

लेव्हल_स्टाफ
पैसे वाचवा. पुसटपणा रिझोल्यूशनचा, भिंतीची घट स्केलची. दोन वेगळी दुखणी आहेत. १०० मीटरवर या कॅमेऱ्याचा जीएसडी (एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन) २.७ सेंमी. भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल चुकलात तरी पाच-सहा सेंमी जातील, २८ नाही.

१९.७२ भागिले २० म्हणजे ०.९८६, त्याचा घन ०.९५९ (घनफळात लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात). २१० ला त्याने गुणा: २०१. साधा जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे लहान जागेवर टक्का-दीड टक्का सहज हलतो. त्यात सगळे फोटो एकाच उंचीवरून सरळ खाली असले की सॉफ्टवेअरला उंची आणि फोकल लेंग्थ यांचा मेळ नीट लागत नाही. कधीकधी मॉडेल मधोमध घुमटासारखं फुगतं. भिंतीला काटकोनात आणखी एक टेप धरून बघा.

ऑर्थोवाला
पुसटपणासाठी टास्क टाकताना 'रिसाइज इमेजेस' चालू होतं का बघा. ५४७२ पिक्सेलचा फोटो २०४८ वर आला की २.७ चा जीएसडी ७.३ सेंमी होतो. शिवाय ऑर्थोफोटोचं रिझोल्यूशन मुळात ५ सेंमीवर असतं, ते बदला. तिथे १ सेंमी लिहून मात्र काही मिळणार नाही, फोटोत नसलेला तपशील येणार कुठून?

मोजणी_४३एन
डंपरचा आकडाही प्रमाण धरू नका. हौद्यातली सुटी खडी लोडर फिरला की दबते.

पुढच्या वेळी ६० मीटरवरून उडा (जीएसडी १.६), ओव्हरलॅप ८०/७०, शिवाय पहिल्या फेरीला आडवी अशी एक फेरी कॅमेरा थोडा तिरका करून. पाच जीसीपी, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये, शिवाय दोन-तीन चेक पॉइंट जे प्रोसेसिंगमध्ये द्यायचेच नाहीत. खरी चूक तेच सांगतात. सगळे आरटीके रोव्हरने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) घ्या. फक्कीची फुली नको, तिचा मध्य फोटोत सापडत नाही. ६० सेंमीचा काळा-पांढरा फ्लेक्स खिळ्याने ठोका.

आणि ढिगाचा पाया. ४०० चौरस मीटरवर पातळी ५ सेंमी चुकली की २० घनमीटर, म्हणजे सात ब्रास. पायाच्या कडेचे बिंदू खडीवर नाही, जमिनीवर टाका.

क्रशर_७३
रिसाइज चालूच होतं. काटकोनातला टेप १५ मीटर, मॉडेलमध्ये १४.७९.

लेव्हल_स्टाफ
तेच ०.९८६, म्हणजे आडव्या मापात घट दोन्हीकडे सारखी. उंचीलाही तोच गुणक धरून या ढिगाला १.०४३ ने (१ भागिले ०.९५९) गुणा, पण बिलावर लावण्याआधी उंची एकदा लेव्हलने तपासा.