मोल्टन की मेल्टेड? इंग्रजी क्रियापदांची जुनी तिसरी रूपे

प्रश्न: मुलीच्या भूगोलाच्या धड्यात 'मोल्टन लाव्हा' आहे. आम्ही शाळेत 'मेल्ट, मेल्टेड, मेल्टेड' असे घोकले होते. मग हे मोल्टन कुठले? आणि 'मोल्टन बटर' चालेल का?

उत्तर: लोणी, बर्फ, चीज वितळले की मेल्टेड. धातू, काच, खडक असे प्रचंड उष्णतेलाच वितळणारे काही असेल तर मोल्टन. हॉटेलच्या मेन्यूतला 'मोल्टन चॉकलेट केक' लाव्हाच्या नावावर खपतो, त्याला सोडून द्या.

मोल्टन हे मेल्टचेच जुने तिसरे रूप. जुन्या इंग्रजीत बऱ्याच क्रियापदांचा स्वर बदलायचा आणि तिसऱ्या रूपाला शेवटी 'एन' लागायचा. पुढे यातली कित्येक क्रियापदे सोप्या 'एड'च्या गोटात गेली. नामाआधी विशेषण म्हणून रुळलेले रूप मात्र जागचे हलले नाही. दाढी 'शेव्हड', पण माणूस 'क्लीन-शेव्हन'.

काही ठिकाणी क्रियापदाने फक्त शेवटचा 'एन' गाळला. जहाज 'हॅज संक', पण तळाशी पडलेले ते 'संकन शिप'. तसेच ड्रंक आणि ड्रंकन, श्रंक आणि श्रंकन. 'बाइंड'चे (बांधणे) जुने 'बाउंडन' तर आता ड्यूटीखेरीज कुणाबरोबर दिसतच नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारी जोडी आहे ती 'ईव'ची. दगडावर नाव कोरलेले असते, लेणी कोरीव असतात. 'त्याने नाव कोरीव आहे' असे कुणी म्हणत नाही, कारण कोरीव या शब्दात क्रिया उरलेली नाही, वस्तूचा गुण उरला आहे. मोल्टन, संकन यांचे तेच झाले. बायबलमधल्या 'ग्रेव्हन इमेज'ला मराठीत 'कोरीव मूर्ती' म्हणतात, ते म्हणूनच इतके चपखल बसते.

'रॉट आयर्न'ही याच घरातले. खिडकीच्या ग्रिलवाल्याकडे हा शब्द ऐकून अनेकांना कुजण्या-गंजण्याशी संबंध वाटतो. प्रत्यक्षात हा रॉट म्हणजे 'वर्क'चे जुने रूप, 'र' आणि स्वर यांची अदलाबदल होऊन झालेले. ठोकून घडवलेले ते घडीव लोखंड, साच्यातले ते ओतीव.

माझी आवडती जोडी 'क्लीव्ह'ची, म्हणजे दुभंगणे. गाईचे खूर 'क्लोव्हन', टाळू मात्र 'क्लेफ्ट'. एकाच क्रियापदाची दोन तिसरी रूपे आणि दोघांनी आपापली नामे वाटून घेतलेली!

काही रूपे मात्र खरोखरच गेली. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'हेल्प'चे 'होल्पन' सापडते, आज ते कुणी वापरत नाही. त्याच बायबलात 'सॉडन' म्हणजे उकडलेले, 'सीद' या क्रियापदाचे तिसरे रूप. आज सॉडन म्हणजे पाण्याने चिंब. उकडण्याचा अर्थ गेला, ओल राहिली. 'फॉर्लॉर्न' (एकाकी, केविलवाणा) हेही मुळात 'गमावलेला' अशा अर्थाचे तिसरेच रूप होते. आता ते ओळखूही येत नाही.

उपप्रश्न: अमेरिकेतले भाचे 'आय हॅव गॉटन' म्हणतात. आमच्या ब्रिटिश वळणाच्या बाई ते खोडायच्या. चूक कोणाची?

उत्तर: कोणाचीच नाही. गॉटन अमेरिकनांनी काढलेले नाही. सतराव्या शतकातल्या वसाहतवाल्यांनी ते इंग्लंडातूनच नेले, नंतर इंग्लंडने टाकले आणि अमेरिकेने ठेवले. ब्रिटिशांकडेही 'फरगॉटन' आणि 'इल-गॉटन' उरलेच आहेत. शिवाय अमेरिकनांना त्याचा उपयोग आहे: 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे, 'हॅव गॉटन' म्हणजे मिळवले किंवा मिळाले. भाच्यांना बोलू द्या, भारतातल्या परीक्षेत मात्र 'गॉट' लिहा.

आणखी एक: 'एन' दिसला की रूप मूळचेच, असे धरू नका. 'प्रूव्ह' हे फ्रेंचमधून आले, त्याला मुळात 'एड'च होता. 'प्रूव्हन' हे स्कॉटलंडमध्ये 'वोव्हन', 'क्लोव्हन' यांच्या वळणावर तयार झाले. तिथल्या न्यायालयांत दोषी आणि निर्दोष यांच्या जोडीला 'नॉट प्रूव्हन' असा तिसरा निकाल शतकानुशतके होता, त्यातून हा शब्द सर्वदूर ओळखीचा झाला. आज प्रूव्हड आणि प्रूव्हन दोन्ही बरोबर, पण नामाआधी 'प्रूव्हन'च कानाला बरे लागते.