कबड्डी आणि जिम दोन्ही चालू, पाय कायम भरलेले, ट्रायलला १० आठवडे. प्रोग्राम कसा बसवू? (आईचा पण एक प्रश्न आहे)

रेडर_सांगलीकर:

नमस्कार मंडळी. वय २२, वजन ६८, रेडर आहे, तालुक्याच्या मंडळाकडून खेळतो. एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) कामाला आहे, एक आठवडा फर्स्ट एक आठवडा नाईट. प्रॅक्टिस रोज संध्याकाळी ५ ते ७, त्यातली मंगळवार-गुरुवार जोरात असते, आणि रविवारी बहुतेक कुठं ना कुठं मॅच.

जिममधल्या ट्रेनरने शेड्यूल दिलंय ते असं की सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप ट्रायसेप, शुक्रवारी लेग्ज. शुक्रवारी स्क्वॉट, लेग प्रेस, एक्स्टेंशन, कर्ल, लंजेस, सगळे मिळून २२-२३ सेट होतात. छाती दंड भरलेत खरं, पण रविवारी रेडला गेलो की पाय उचलतच नाहीत, बोनसला पाय टाकला आणि मागं यायला उशीर झाला असं ४-५ वेळा झालंय. जानेवारीत डाव्या मांडीची मागची शीर पण ओढली गेली, ३ आठवडे बाहेर बसलो. आमचे सर म्हणतात वजन उचलू नको, अंग जड होतं, नुसते जोर-बैठका मार. ट्रेनर म्हणतो जिम सोडलीस तर सगळं जाईल. १० आठवड्यांवर जिल्ह्याची निवड चाचणी आहे. नक्की कुणाचं ऐकू?

दुसरं, आई ५१ ची आहे, डॉक्टरांनी हाडं ठिसूळ व्हायला लागलीत म्हणून सांगितलं आणि थोडं वजन उचला म्हणाले. गुडघा दुखतो तिचा. तिला जिमला नेऊ का, आणि नेलं तर करायला काय लावू?

वही_पेन_बार:

भावा, मी १२ वर्षं खेळलोय आणि आता खेळाडू पोरांचं स्ट्रेंथचं बघतो, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, नीट वाच.

सर चुकत नाहीत आणि ट्रेनर पण खोटं बोलत नाही, पण दोघं बोलतायत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. तुझ्या ट्रेनरने दिलंय ते बॉडी बनवायचं शेड्यूल आहे, ज्याला रविवारी कुणी पकडायला येत नाही त्याच्यासाठी ते ठीक आहे. जास्त सेट मारल्यावर अंग धरतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. आता तूच हिशोब कर, शुक्रवारी रात्री २२ सेट आणि रविवारी दुपारी मॅच. म्हणजे बरोबर ज्या वेळेला पाय सगळ्यात मेलेले असतात त्याच वेळेला तू रेडला जातोस. अंग जड होतं म्हणून सर जे सांगतात ते त्यांना डोळ्यांनी दिसतंय, फक्त दोष वजनाचा नाही, दोष शुक्रवारचा आणि २२ सेटचा आहे.

मी तुला आठवड्यात दोनच दिवस उचलायला सांगेन, मंगळवार आणि गुरुवार, प्रॅक्टिस झाल्यावर. जोराच्या दिवशीच जोर, म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवारला अंग खरंच मोकळं राहतं. लोक उलटं करतात, हलक्या दिवशी जिम टाकतात आणि मग आठवड्यात एकही दिवस हलका उरत नाही.

मंगळवारी सुरुवातीला ३ उड्यांचे ३ सेट, जागेवरून लांब उडी, प्रत्येक उडी पूर्ण ताकदीने आणि मधे निवांत दम घेऊन. मग स्क्वॉट, मग बेंच, मग रोइंग (वजन स्वतःकडं ओढणं). शेवटी नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि कंबर सरळ ठेवून हळूहळू पुढं पडायचं, मांडीच्या मागच्या बाजूनं जेवढं थोपवता येईल तेवढं थोपवायचं. तुझ्या ओढलेल्या शिरेसाठी यापेक्षा चांगलं काही माझ्या बघण्यात नाही. फुटबॉलवाल्यांवर याच्या बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि ज्या टीम हे नेटाने करतात त्यांच्यात ती दुखापत जवळपास निम्म्यावर येते. पण पहिल्या आठवड्यात ३-३ चे दोनच सेट, कारण पहिल्यांदा केल्यावर जबरदस्त दुखतं. गुरुवारी पायाला कमी: पाय जवळपास सरळ ठेवून कमरेतून वाकायचं ते रोमानियन डेडलिफ्ट ३ सेट, पुलअप्स, उभं राहून प्रेस (बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), आणि जांघेचं एक. एका कुशीवर कोपरावर यायचं, वरचा पाय बाकड्यावर, खालचा हवेत, आणि कंबर उचलून धरायची. अँकल होल्ड (घोट्याची पकड) बसल्यावर तू जो पाय ओढून घेतोस ना, तो जांघेच्या जोरावर.

बस्स एवढंच. दोन दिवस, ५०-५० मिनिटं.

आता वजन किती. स्क्वॉट किती मारतोस ते लिहिलं नाहीस. समज ६० किलोचे ८ जेमतेम निघत असतील, तर ६० गुणिले (१ अधिक ८ भागिले ३०), म्हणजे ७६ च्या आसपास तुझं एकदाच निघेल असं मॅक्स. ते उचलून बघायची काही गरज नाही, आकडा मिळाला, काम झालं. पहिले ३ आठवडे ३ सेट ८ चे, पण वजन असं की सेट संपला तेव्हा अजून २-३ निघाले असते. चौथ्या आठवड्यात वजन तेच आणि सेट निम्मे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत ५ चे ४ सेट, वजन दर आठवड्याला थोडं वर, शिल्लक २ ठेवूनच. नवव्यात ३ चे ३ सेट, उड्या तशाच. दहाव्या आठवड्यात फक्त मंगळवारी २ सेट आणि बंद. घाबरू नको, ताकद आठवड्या-दोन आठवड्यात जात नाही, थकवा मात्र जातो, आणि ट्रायलला तुला नेमकं तेच पाहिजे.

शिल्लक ठेव म्हणतोय ते आळशीपणा म्हणून नाही. तुझी एक रेड ३० सेकंदांची. त्यात खरा स्फोट २-३ सेकंदांचा, आणि असं ४० मिनिटांत किती वेळा करायचं ते तुझं तुला माहितीय. बार हळूहळू, थरथरत वर ढकलायची सवय पायांना लावून काय करणार? प्रत्येक रेप (म्हणजे सेटमधली एक उचल) वेगात निघाली पाहिजे, वेग मेला की सेट संपला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वही घे. १०० पानी, शाळेची. तारीख, वजन, रेप्स, किती शिल्लक होत्या आणि आदल्या रात्री किती झोपलास. प्रोग्राम म्हणजे तीच वही. घाम किती आला, दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला का, यावरून कळत नाही की तू वाढतोयस का. गेल्या मंगळवारचा आकडा आणि या मंगळवारचा आकडा शेजारी ठेवले की कळतं. हे काही माझ्या डोक्यातलं नाही, १९४० च्या दशकात अमेरिकेत डेलॉर्म नावाचा डॉक्टर लष्कराच्या दवाखान्यात जखमी सैनिकांच्या पायांना असंच मोजून, वाढवत वाढवत वजन द्यायचा, १० रेप्सचे सेट जे आज प्रत्येक जिममध्ये चालतात त्यांचं मूळ बरंचसं तिथलं आहे. तेव्हापासून मुद्दा बदललेला नाही, मोजा आणि थोडं वाढवा.

नाईटच्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही. आधीच्या आठवड्याचंच मार, झोप तुटलेली असताना तेवढं निघालं तरी खूप आहे.

लालमाती_कोल्हापूर:

वही_पेन_बार यांनी चांगलं समजावलंय, मी तालमीच्या बाजूनं थोडं बोलतो. तुझे सर जोर-बैठका मार म्हणतात, मारच, पण एक ध्यानात घे. माझं वय ६३, पोरपणी वस्तादांनी आम्हाला बैठका वाढवत नेल्या, शंभराच्या दोनशे, दोनशेच्या पाचशे, त्यानं दम वाढला, पाय कसदार झाले, पण समोरच्याला उचलून टाकायची ताकद त्यानं नाही आली. ती आली जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायला लागलो तेव्हा. आधी ५० किलोचं पोर, मग ६० चं, मग माझ्याएवढा गडी. बैठका १० च्या वर नाहीत. आता हे वजन वाढवत नेणं नाही तर काय आहे? बार नव्हता, माणूस होता. गदा, करेला (फिरवायचा जड लाकडी मुद्गल), दोर चढणं, हौद्यातली माती फावड्यानं उकरणं, सगळी ताकदीचीच मेहनत. लोखंडानं अंग जड होतं हे जुन्या तालमीत कुणी कामानं सिद्ध केलेलं मी बघितलं नाही. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव याच मातीतले, वजनाला कमी आणि चपळ, आणि ती चपळाई ताकदीवर उभी होती.

आणखी एक, हंगाम. आमच्याकडं जत्रा-यात्रांची मैदानं दिवाळीनंतर ते उन्हाळा संपेपर्यंत. पावसाळ्यात मैदान नाही, तेव्हा खुराक आणि भारी मेहनत. मैदानं सुरू झाली की वस्ताद मेहनत कमी करून लढती वाढवायचे. मैदानाच्या आधी दोन दिवस तर हात पण लावू द्यायचे नाहीत, मालिश आणि झोप. तुम्ही आता कागदावर आठवडे मांडता तेच आम्ही पाऊस बघून करायचो. पोरा, तुझी ट्रायल झाली की पुढं जी मोकळीक मिळेल त्यात खरी ताकद कमव. १० आठवड्यात सगळं मिळवायला जाऊ नको.

सातारची_ताई_पुण्यात:

मी आईच्या प्रश्नासाठी लिहितेय, कारण तो तू शेवटी टाकलास आणि कुणीच बघितला नाही. मी ४४ व्या वर्षी सुरू केलं, आता ४९.

पाळी जायच्या सुमारास आणि त्यानंतर काही वर्षं बाईच्या हाडांची झीज झपाट्यानं होते, आणि हाडाला कळतो तो भार. नुसतं चालणं चांगलंच, पण ते पुरत नाही. डॉक्टरांना एवढं मात्र विचारून घे की मणक्याचं काय, पुढं वाकून वजन उचललेलं चालेल का. ते हो म्हणाले तर आठवड्यातून दोन दिवस पुष्कळ झाले.

सुरुवात जिमच्या स्क्वॉट रॅकपासून करू नको. घरातली खुर्ची घे, त्यावर दोन उशा ठेव, आणि आईला हात न टेकता बसून उठायला लाव. ८ वेळा, थांबून परत ८. गुडघा तिथं दुखत नसेल तर पुढच्या आठवड्यात एक उशी काढ. मग दुसरी काढ. मग हातात ३ किलोचं डंबेल छातीशी धरून. माझा स्वतःचा गुडघा असाच सुधारला, ७ महिने लागले, उशा आणि खुर्चीवरच दीड महिना गेला आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. बरोबर रोइंग, भिंतीला हात टेकून पुशअप, आणि दोन्ही हातात वजन घेऊन घरात चालणं. आपल्या आयांनी आयुष्यभर कळशा उचलल्यात, वजन त्यांना नवं नाही, फक्त ते कधी मोजलं नाही. २-३ महिन्यांनी तिला जिमला ने. बायकांचा बार १५ किलोचा असतो पण बऱ्याच ठिकाणी तो नसतोच, तेव्हा डंबेलवरच ठेव.

आणि ताटात बघ. आई सगळ्यांना वाढून उरलेलं खात असेल तर आधी ते बंद कर. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या वर. पातळ वरणाच्या वाटीवर हाडं आणि स्नायू नाही बनत. तुला पण तेच लागू, ६८ किलोला दिवसाला १०० च्या वर गेलं पाहिजे. उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन प्रॅक्टिसला जात असशील तर वर दही आणि मूठभर दाणे तरी घे.

रेडर_सांगलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. ताई, आईला वाचून दाखवलं, तिनं लगेच खुर्ची ओढली, एकाच उशीवर ८ निघाले तिचे. डॉक्टरांना सोमवारी विचारतो.

दादा, स्क्वॉट तुम्ही धरला तेवढाच आहे, ६० चे ८. अडचण एकच, आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीचची, म्हणजे दोन्हीकडून मिळून थेट ५ किलोची उडी. स्क्वॉटला चालेल पण प्रेस माझा ३० चा आहे, ३५ हलतच नाही, ३ महिने तिथंच अडकलोय.

वही_पेन_बार:

बरोबर पकडलंस. ६० वर ५ म्हणजे बारावा हिस्सा, ३० वर ५ म्हणजे सहावा हिस्सा, एकदम सहावा हिस्सा कुणाचाच वाढत नाही. ट्रेनर म्हणत असेल अजून जोर लाव, पण इथं जोराचा प्रश्न नाही, प्लेटचा आहे. तू सीएनसीवर आहेस ना? मग विकत कशाला घेतोस. बारचं टोक मोज आधी, लोकल बार असेल तर २८-३० एमएमचं, ऑलिम्पिक असेल तर ५० चं. सुपरवायझरला विचारून भंगारातला तुकडा घे आणि १ किलोच्या दोन चकत्या काढ. तोपर्यंत ३० वरच ५ चे ६ कर, ६ चे ७ कर, वहीत लिहीत जा.

रेडर_सांगलीकर:

बार ५० चा निघाला. सुपरवायझरनी एमएसचा (साध्या पोलादाचा) राउंड म्हणजे गोल तुकडा दिला, शिफ्ट संपल्यावर काढल्या. बाहेरून १२०, आतून ५२, जाडी १४ एमएम. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या, एक १ किलो ५ ग्रॅम आणि दुसरी १ किलो १० ग्रॅम भरली. काल गुरुवारी प्रेस ३२ वर ५ निघाले, एक शिल्लक होती. वहीत लिहिलंय.