बी.आर्क.नंतरची पहिली नोकरी : बेळगावातलं छोटं ऑफिस की बेंगळुरू-पुण्याची मोठी फर्म?

वडगावकर
बी.आर्क.चा, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचा, निकाल लागला की आपल्याकडची पोरं थेट बेंगळुरूची नाहीतर पुण्याची बस धरतात. मला हे पटत नाही. पहिली दोन वर्षं बेळगावातच, चार-पाच जणांच्या ऑफिसात काढावीत. इथं अख्खं घर एकाच्याच हातून जातं: प्लॉटची मोजणी, बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) किंवा महापालिकेची मंजुरी, सेंटरलाइनची आखणी, फुटिंग (कॉलमचा पाया), स्लॅब, फरशी. स्लॅबच्या सळईला 20 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), कॉलमला 40, फुटिंगला 50 हे सगळ्यांना पाठ असतं. पण कव्हर ब्लॉकच्या, म्हणजे तेवढं अंतर राखणाऱ्या ठोकळ्याच्या, जागी खडी सारलीय आणि मिक्सर सुरू झालाय, अशा वेळी ठेकेदाराला कसं थांबवायचं हे साइटवर उभं राहिल्याशिवाय येत नाही.

उद्यमबाग
दादा, साइट मिळते हे खरं, पण ड्रॉइंग शिकायला मिळतं का? बऱ्याच छोट्या ऑफिसांत मंजुरीचा नकाशा आणि एलिव्हेशनचं थ्रीडी झालं की काम संपलं. बाकी सगळं फोनवर. टॉयलेटचंच घ्या. सनकन स्लॅब (टॉयलेटखालचा खाली घेतलेला स्लॅब) किती खाली, ट्रॅप (सांडपाणी जायचं, वास अडवणारं तोंड) कुठं, उतार कुठल्या बाजूला, टाइल कुठल्या कोपऱ्यातून सुरू, हे कागदावर नसलं की प्लंबर पाइप सोयीचा पडेल तिथं ट्रॅप बसवतो. मग उतार जुळत नाही, पाणी उंबऱ्याशी साचतं. वॉटरप्रूफिंग भिंतीवर चढवलेलं नसेल तर पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. चांगल्या मोठ्या फर्ममध्ये तेच ड्रॉइंग सीनियर लाल पेनानं तपासतो, त्यावर रिव्हिजन नंबर आणि तारीख पडते, डक्टच्या (पाइप न्यायच्या पोकळीच्या) आड बीम येतोय का हे स्ट्रक्चरवाल्यांशी बसून बघितलं जातं. ही शिस्त सुरुवातीलाच लागावी लागते.

खानापूरची
आणि मोठ्या फर्ममध्ये वर्षभर नुसते पार्किंगचे लेआउट काढणारे? त्यांचं काय?
आमच्याकडं, जांबोटीच्या बाजूला, पाऊस आडवा मारतो आणि जांभा पाणी पितो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा पुरेसा बाहेर नसला, किंवा त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवली नाही, तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीत शिरतं. काचेच्या इमारती काढणाऱ्या ऑफिसात हे कोण शिकवणार?

निपाणीकर
नियमांचं कुणी बोललं नाही. कोल्हापूर-पुण्यात एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम चालतं त्याचं प्रमाण) आणि 2020 ची युडीसीपीआर, म्हणजे महाराष्ट्राची बांधकाम नियमावली. इकडं कर्नाटकात त्याच प्रमाणाला एफएआर म्हणतात, सेटबॅकचे (हद्दीपासून सोडायच्या जागेचे) तक्ते वेगळे, कागदपत्रं कन्नडात. तिकडं मंजुरीची कामं करून परत येणाऱ्याला ते सगळं नव्यानं शिकावं लागतं. पुढं प्रॅक्टिस इथंच करायची असेल तर पुण्यापेक्षा हुबळी किंवा बेंगळुरू बरं.
आणखी एक, हे सगळ्यात आधी: 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाल्याशिवाय नावापुढं आर्किटेक्ट लावता येत नाही. तो अर्ज लगेच टाका. आणि कुठलंही ऑफिस मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं तर तिथं जाऊच नका.

वडगावकर
उद्यमबाग, तपासणीचं मान्य. पण लाल पेन सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) लवकर काढणं थांबवत नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्यापुढं 14 दिवस ठेवायचे असतात. ठेकेदाराला मात्र सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई. तिथं रोज जाणारा माणूस लागतो की ओ.

उद्यमबाग
रोज जाणाऱ्याच्या हातात कागद नसेल तर तो नुसता बघून येतो. म्हणून मुलाखतीत पोरांनी सरळ मागावं: पूर्ण झालेल्या एका घराचा वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे साइटवर बांधायच्या तपशीलवार नकाशांचा, संच दाखवा. त्यात टॉयलेट, जिना आणि दाराखिडक्यांचं शेड्यूल (मापांचा तक्ता) आहे का बघावं. शीटच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव वेगळं आहे का तेही बघावं. पगार कुठल्या तारखेला होतो हे साहेबांना विचारू नये, तिथल्या ज्युनियरला बाहेर चहावर विचारावं.

खानापूरची
आणि साइटवर कोण जातं, हेही त्या ज्युनियरलाच विचारा.