वडिलांना पक्षाघात, फिजिओ चालू आहे. मग ही ‘ओटी’ कशाला?

बागायतदार_मखमलाबाद

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना (वय ६८) दीड महिन्यापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी टेकत घरातल्या घरात चालतात, पण उजवा हात लोंबतोच, बोटं जेमतेम हलतात. फिजिओथेरपिस्ट घरी येतात. परवा डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ओटी’ लिहिलं. मला वाटलं ऑपरेशन थिएटर, पोटात गोळाच आला. मग कळलं, ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत म्हणे ‘व्यवसायोपचार’. अण्णांचा व्यवसाय म्हणजे दोन एकर द्राक्ष, ती आता मी बघतो. त्यांना या वयात कुठं कामाला लावायचंय? दोघांचे पैसे भरायचे तर फरक तरी कळू द्या.

सातपूरकर

काही गरज नाही. आमच्या मामांना नुसत्या तेल-मालिशने फरक पडला. हे सगळे बिल वाढवायचे धंदे.

पंचवटीतली_काकू

मालिशचं राहू दे बाजूला. दादा, ‘ओटी’ म्हटल्यावर मला तर खणानारळाची ओटीच आठवली होती, तेव्हा तुम्ही लाजू नका.

आमचे हे रामकुंडावर तीर्थपुरोहित. चार वर्षांपूर्वी त्यांचाही उजवाच हात गेला. फिजिओवाल्यांनी उभं केलं, तोल आणला, चालवलं, त्यांचे उपकार आहेतच. मग ही ओटीवाली मुलगी आली. पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. विचारलं काय, तर ‘काका, पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करायचात?’ तासभर ऐकत बसली. मी मनात म्हटलं, ही फी गप्पांची घेते की काय!

ह्यांचा दिवस म्हणजे स्नान, सोवळं, संध्या, मग घाटावर यजमान. आणि वह्या. आमच्याकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कोण कुठल्या गावाहून आला, बरोबर कोण होतं, कुणाचे पणजोबा कधी येऊन गेले. नवी नोंद करायची तर लिहिता हात हवा. तेव्हा ह्यांना शब्द सापडत नव्हते, साधं ‘पाणी’ म्हणताना घाम फुटायचा (संध्या मात्र सलग म्हणायचे, मला नवलच वाटायचं). तरी वह्यांच्या कपाटाकडे बोट करत होते. डाव्या हाताचं.

मग तिनं पंचपात्री आणि पळी मागितली. पळीने एका वाटीतले तांदूळ दुसरीत. आधी तांदूळ, कारण सांडले तर वेचता येतात. पाणी दोन महिन्यांनी. पळीचा दांडा बारीक, बोटांत ठरेना, तर एसीच्या नळीवर असतो तो काळा फोम कापून चढवला. तोच चमच्यावर, तोच पेनवर. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. बोटं जरा वळायला लागली तेव्हा रोज ठरावीक वेळ चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि काम उजव्यानेच करायचं. काय चिडायचे!

सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. इतकं साधं, पण आम्ही महिनाभर उलटं करून दोघंही रडत होतो. आणि खांदा! मी ह्यांना उजव्या दंडाला धरून ओढून उठवायची. दवाखान्यातून घरी सोडताना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की ताकद गेलेल्या हाताला ओढलं तर खांदा सांध्यातून खाली उतरतो. तुम्ही तसं करत असाल तर आजपासून बंद करा, बाकी सगळं नंतर.

सगळं जमलं असं नाही हो. एका हाताने कासोटा खोचता येईना. मी वेल्क्रो लावलेलं सोवळं शिवलं तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता तेच नेसतात, पण पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. माझं काम सगळ्यात अवघड होतं: हात मागे बांधून उभं राहायचं. सदऱ्याला बावीस मिनिटं लागली तरी, भात गार झाला तरी. मदतीला धावले की ती मुलगी माझ्याकडे नुसती बघायची.

आता वही डाव्या हाताने लिहितात, उजवा पान दाबून धरतो. अक्षर कोंबडीचे पाय. आचमन मात्र उजव्यानेच. गेल्या श्रावणात पहिली नोंद केली: एक नाव, गाव, तिथी. अर्धं पान लागलं.

नाशिकरोड_थेरपिस्ट

काकूंनी माझं निम्मं काम केलं! मी स्वतः याच पेशात. यातला ‘व्यवसाय’ म्हणजे पोटापाण्याचा नव्हे, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणंही त्यात आलं. पक्षाघातात मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण तेच काम पुन्हा पुन्हा केलं की आजूबाजूचे भाग काही प्रमाणात ते उचलतात. जे परत येणार नाही, त्यासाठी वस्तू किंवा घर बदलायचं: कमोड, भिंतीला दांडा, जाड मुठीचा चमचा. सातपूरकर, हे नवं फॅड नाही. भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएमला सुरू केलं. आज राज्यातल्या या पदव्या तर बहुतेक आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या. घरी कुणाला बोलवाल तर पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा, त्यात कुणी राग मानत नाही.

पंचवटीतली_काकू

आणि दादा, अण्णांना विचारा, कुठलं एक काम परत स्वतःच्या हाताने करायचंय. तुम्ही ठरवू नका.

बागायतदार_मखमलाबाद

काकू, रात्री विचारलं. मला वाटलं छाटणीची कात्री म्हणतील. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नाडी.’ पायजम्याची नाडी सोडता येत नाही, दरवेळी सुनेला हाक मारावी लागते. दीड महिना घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खांद्याचंही आम्ही चुकतच होतो. सोमवारी थेरपिस्ट येतायत.

पंचवटीतली_काकू

तोवर इलास्टिक घालून घ्या. पण त्यांना विचारून, नाहीतर तीन दिवस अबोला.