मदत हवी आहे: गिब्जच्या रुकी (पहिल्या) सीझनमधले ड्युओ आणि इनसाइड झोन हे धावण्याचे दोन प्ले वेगळे कसे काढायचे?

अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) डेट्रॉईट लायन्सने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, जामिर गिब्जला १२ व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा दुसरा बॅक डेव्हिड मॉन्टगोमेरी संघात आलेला होता. मोसमाअखेर मॉन्टगोमेरीच्या २१९ कॅरी (बॉल घेऊन धावा), १०१५ यार्ड; गिब्जच्या १८२ कॅरी, ९४५ यार्ड, वर ५२ कॅच. ही वाटणी नुसती 'एक दणकट, एक चपळ' एवढ्यावर सोडून देणं मला पटत नाही. कोणाला कोणता प्ले दिला, हे मोजायचं आहे.

अडचण ड्युओ आणि इनसाइड झोनची. दोन्हींत कुणी पुल करत नाही (आपली जागा सोडून दुसरीकडे ब्लॉक करायला जात नाही), त्यामुळे टीव्हीच्या बाजूच्या कॅमेऱ्यातून ते सारखेच दिसतात. एंड झोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर झोनमध्ये पुढे ब्लॉक करणाऱ्या पाचही लाइनमनचं पहिलं पाऊल एकाच बाजूला पडतं; ड्युओत दोघं मिळून समोरच्याला सरळ मागे रेटतात आणि बॅकची नजर मधल्या लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर) असते. लाइनबॅकर आत घुसला की बॅक बाहेर वळतो. पण डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची पहिली फळी) स्नॅपबरोबर, म्हणजे प्ले सुरू होताच, तिरकी सरकली, की ड्युओतली पावलंही आडवी पडतात आणि नोंद चुकते.

अशा वेळी टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभ्या खेळाडूच्या) ब्लॉकवरून ठरवावं की बॅकच्या पहिल्या दोन पावलांवरून? ३० ऑक्टोबर २०२३ चा रेडर्सविरुद्धचा सामना (गिब्ज २६ कॅरी, १५२ यार्ड) कुणी प्लेनुसार तपासला असेल, तर दोन-तीन शंकास्पद प्ले क्वार्टर आणि वेळेसह सांगा.